जंतूसरांचे उंदीर

दर जुलैत अकरावीच्या वर्गात पहिल्यांदा शिरले की जंतूसर हात जोडून म्हणायचे, “तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या पोटातल्या मंडळींनाही नमस्कार.” पोरं गडबडून आपापल्या पोटाकडे पाहायची आणि सर शांतपणे हजेरी घ्यायला लागायचे. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. मधली भिंत फळ्यांची, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे सरांचं जीवशास्त्र मला, हवं असो नको असो, तोंडपाठ झालं होतं. माझं बीजगणित मात्र त्यांच्या कानात कधी शिरलं नाही. त्यांचा सातचा पाढासुद्धा अडायचा.

नाव ठेवण्यात आमच्या पांढुर्ण्याचा हात कोणी धरणार नाही. सरांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, बाकी सगळीकडे जंतूसर. आधी पोरं म्हणायला लागली, मग पोरांचे बाप, मग भाजीवाल्या. सरांना त्याचा राग नव्हता. गाव हिंदी राज्यातलं, म्हणून पुस्तक हिंदीत, शिकवणं मराठीत आणि रागावणं वऱ्हाडीत, अशी त्यांची तीन खाती होती. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, तोही काचेवर ओरखडा असलेला. त्याखाली प्रत्येक पोराच्या दातावरचा मळ खरवडून ठेवायचे आणि म्हणायचे, “पाहा. वळवळून राहिले ना? आता स्वतःला एकटं समजू नका रे.” बोरगावहून सायकलनं येणारा एक धट्टाकट्टा गडी ते पाहून तिथंच मटकन बसला होता. सरांनी त्याला पाणी पाजलं आणि पुढच्याला बोलावलं.

तरुणपणी सरांनी काही वर्षं दूरच्या एका प्रयोगशाळेत नोकरी केली होती. तिथं बिनजंतूचे उंदीर पाळत. उंदरीण व्यायच्या आधीच तिचं पोट कापून पिल्लं काढायची, ती थेट पारदर्शक प्लॅस्टिकच्या बंद पेटीत. आतली हवा गाळलेली, दाणापाणी वाफेनं निर्जंतुक केलेलं, आणि माणसाचा हात आत जायचा तो पेटीलाच जोडलेल्या रबरी मोज्यातून. ते मोजे तपासायचं काम सरांचं. कुठं टाचणीएवढं भोक पडलं तरी सगळी मेहनत पाण्यात.

पचनसंस्थेचा धडा आला की हे उंदीर यायचेच. पोरांना वाटायचं, असा उंदीर म्हणजे पहिलवान असणार. कोणीतरी तसं म्हणेपर्यंत सर वाट पाहायचे. मग म्हणायचे, “पहिलवान? अरे, त्याच्या आतड्याची भिंत पापडासारखी पातळ. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक पिशवी असते, ती फुगून पोटभर पसरलेली. आणि रोगाशी लढणाऱ्या गाठी? न वाढलेल्या, मोहरीएवढ्या. ज्या गावात चोर कधी आलाच नाही, तिथं पोलीस चौकी बांधणार कोण?” असा उंदीर साध्या पिंजऱ्यात आणला की ज्यानं दुसऱ्या उंदराला शिंकसुद्धा येणार नाही, त्यानं हा आडवा व्हायचा. त्याला सावरायचं तर साध्या उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा, लेंड्यांसकट, त्याच्या पेटीत टाकायचा. पोटात वस्ती झाली की पोट जागेवर यायचं, गाठीही वाढायच्या. इथं पोरी हमखास “शीऽऽ” करायच्या. “शी काय वो? जन्माला येताना मायकडून तुम्ही हेच घेऊन आल्या,” सर म्हणायचे, आणि पलीकडे माझा वर्ग खिदळायचा.

याचा अर्थ सर घाणेरडे होते असं कोणी समजू नये. मधल्या सुट्टीत हातपंपाजवळ साबणाची वडी घेऊन ते स्वतः उभे राहायचे. “धुणं वेगळं आणि कोंडणं वेगळं,” असं त्यांचं म्हणणं. जरा पोट बिघडलं की दुकानातून जंतू मारायची कॅप्सूल आणून गिळणाऱ्यांवर तर त्यांचा भारी राग. आमचे हेडमास्तर एकदा तसंच काही तोंडात टाकत होते. सर म्हणाले, “घर झाडायला सांगितलं, तर तुम्ही घरच पेटवून राहिले.” हेडमास्तरांनी ती कॅप्सूल खिशात ठेवली आणि नंतर घरी जाऊन खाल्ली असणार.

असा हा माणूस. आणि याच माणसानं स्वतःच्या नातीला पेटीत घातलं.

ऐंशीनंतरची पहिली दोन-चार वर्षं असतील ती. सरांची एकुलती मुलगी नंदा मोहगावला दिली होती. तिचं पहिलं बाळ दहा महिन्यांचं होऊन हगवणीनं गेलं. निरोप आला तेव्हा सर पहिल्या मोटारीनं निघाले, सौसरला उतरून दुसरी मोटार पकडली आणि पोचले तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. परत आल्यावर ते पूर्वीसारखेच शाळेत यायला लागले. हातपंपाजवळ उभं राहणं तेवढं सुटलं.

पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमारास नंदाला मुलगी झाली, इथंच, माहेरी. बाळंतपणानंतर नंदाला ताप भरला, म्हणून तिला नागपूरला न्यावं लागलं. बाळ घरी वरच्या दुधावर राहिलं. ती बरी होऊन आली, पण सरांनी बाळ तिच्याकडे दिलं नाही. मी समजवायला गेलो तर मला म्हणाले, “मास्तर, बाटली उकळता येते. मायला कसं उकळता?” मी हसलो. मला वाटलं, गंमत करून राहिले. ते गंमत करत नव्हते.

आतल्या खोलीत मच्छरदाणी लागली ती दिवसाही खाली. बाटल्या, वाट्या, चमचे, दुपटी, सगळं चुलीवर रटरटायचं. बाळाला फक्त सर आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी, हात लावणार, तेही कोपरापर्यंत धुऊन. जरा पातळ शी झाली की त्याच जंतू मारणाऱ्या औषधाचं गोड सिरप. माझी बायको झबलं घेऊन गेली, तर दारातूनच परत. घरी येऊन ती फणफणली, “म्हणे ठेवून द्या ओट्यावर, उकळून घेतो! मी का उकिरड्यातून आली का? चार पोरं वाढवली मी!” मी तिला गप्प केलं. ज्याचं एक गेलं आहे त्याच्याशी काय वाद घालणार?

वहिनी पूर्वी सरांना चारचौघांत टोकायच्या, आता त्याही बाटल्या उकळत बसायच्या. नंदा उंबऱ्यात बसून मच्छरदाणीकडे बघत राहायची. बाळाचे हातपाय काडीसारखे, रंग पांढरट, पोट तेवढं टम्म. आम्ही सगळे एकमेकांत बोलत होतो. सरांना सांगायची हिंमत कोणाला नव्हती, कारण सांगणार काय? या विषयात गावात सगळ्यांत जास्त माहिती त्यांनाच होती.

संक्रांत होऊन गेली होती. मी वर्गात बेरजेचं सूत्र लिहीत होतो आणि पलीकडे पचनसंस्था चालू होती. उंदीर आले. कोणीतरी पोरगा पहिलवान म्हणाला. सरांचा आवाज आला, “पहिलवान? अरे, त्याचे हातपाय पाहा. अंगावर मांस नाही. पोट तेवढं टम्म…”

पुढचं वाक्य मला माहीत होतं. ते आलंच नाही. मी खडू धरून थांबलो. माझी पोरंही थांबली. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं, आणि सर माझ्या खिडकीसमोरून निघून गेले, अनवाणी. चपला वर्गातच राहिल्या होत्या. मला वाटलं, छातीत कळ आली. दोन्ही वर्ग मॉनिटरच्या हवाली करून मी मागं धावलो.

सरांनी घरात शिरून मच्छरदाणी वर केली आणि खडूनं माखलेल्या हातांनी बाळ उचललं. वहिनी ओरडल्या, “अहो, हात!”

“राहू दे हात,” सर म्हणाले. त्यांनी बाळ नंदाच्या मांडीवर ठेवलं. “घे माय. पाज तिले.”

नंदानं बाळ छातीशी धरलं आणि मान खाली घातली. “बाबा, रागवाल नाही ना? मी चोरून पाजतो तिले. तुम्ही शाळेत गेले की. आई दारात उभी राहते.”

सरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी भिंतीकडे पाहत होत्या. सर जमिनीवर बसले आणि त्यांना रडू कोसळलं. एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला होता, फुटलेला कधी नाही. “बरं केलं,” ते म्हणाले. “लई बरं केलं तुम्ही.” मी आपला दारात उभा, काय करावं कळेना. शेवटी जाऊन त्यांच्या चपला घेऊन आलो.

नंदाचं दूध आटत आलं होतं, पण बाळ ओढायला लागल्यावर हळूहळू वाढलं. गोड औषधाची बाटली मोरीत रिकामी झाली. आणि मग, ज्याची सगळ्यांना धास्ती होती, तेच झालं. बाळाला जुलाब लागले.

नंदा वेड्यासारखी करायला लागली. तिनंच गुंडाळून ठेवलेली मच्छरदाणी काढली आणि पुन्हा बांधायला घेतली. “तुमचं ऐकून मी हिले बाहेर काढलं बाबा! हिले काही झालं तर?” सरांनी तिच्या हातातून दोरी काढून घेतली. “मले नाही माहीत माय,” ते म्हणाले. “पण आता आत नाही ठेवायची.” त्यांनी बाळ दुपट्यात गुंडाळलं आणि आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाची चामडी चिमटीत धरून पाहिली, आधीचं सगळं विचारलं आणि सरांना फैलावर घेतलं. “टॉनिक समजून पाजत होते का ते औषध? शिकलेले ना तुम्ही?” सर परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे उभे. बाईंनी सांगितलं, अंगावरचं दूध बंद करायचं नाही, आणि साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं देत राहायचं.

ते जुलाब थांबेपर्यंत सर शाळेत येत होते, पण शिकवत नव्हते. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसायचे. तास संपल्यावर मी विचारलं, “काही समजलं का सर?”

“नाही.”

“मग कायले बसून राहिले?”

“तिकडं एकटं बसलं की डोक्यात ते मोहगावचं अंगण येते,” ते म्हणाले. “इथं तुमचा आवाज असतो.”

मी दुसऱ्या दिवशी जरा मोठ्यानं शिकवलं. त्या दिवशी संध्याकाळी वहिनी आमच्या दारात येऊन सांगून गेल्या की पोरीनं पोटभर पिऊन झोप काढली आणि जुलाब नाहीत. माझ्या बायकोनं तेव्हाच ते झबलं काढलं आणि गेली. या वेळी तिला कोणी उकळायची भाषा केली नाही. हात मात्र धुवायला लावले, आणि ते बरोबरच होतं.

सर पुढे एकदा मला म्हणाले, “ती काही बिनजंतूची झाली नव्हती मास्तर. घरात तसं होऊच शकत नाही. पण मी माझ्याकडून कसर सोडली नाही.” उंदरांची गोष्ट त्यांनी वर्गात सांगणं चालू ठेवलं. फक्त आता पहिलवान म्हणणाऱ्या पोरावर ते हसत नसत. “मलेही तसंच वाटलं होतं,” म्हणायचे. निवृत्त झाल्यावर ते फार वर्षं राहिले नाहीत. ते शाळेतून गेले तेव्हापासूनच माझ्या वर्गात एकदम फार शांत वाटायला लागलं, आणि त्या शांततेत शिकवायला मला अजिबात मजा येईना.

पण सर म्हटलं की मला आठवतो तो त्या वर्षीच्या होळीनंतरचा बाजाराचा दिवस. नंदा सासरी निघाली होती. जावई न्यायला आलेले. मोटार आली तीच खच्चून भरलेली, दारात ही रेटारेटी. आमच्याकडे अशा वेळी एकच रीत, पोर खिडकीतून आत बसलेल्याकडे द्यायचं आणि आपण दारातून घुसायचं. जावई आणि नंदा गर्दीत शिरले. बाळ सरांकडे.

खिडकीत एक बाजार करून निघालेली बाई मेथी निवडत बसली होती. बोटं मातीनं काळी, पदराला घाम. “द्या इकडं पोरगी बाबा,” ती म्हणाली, “काय पाहून राहिले? सुटते ना मोटार!”

सर तिच्या हातांकडे पाहत होते. मी सरांकडे पाहत होतो. कंडक्टरनं घंटी मारली. वहिनींनी पुढे हात केला, पण मी त्यांना थांबवलं.

सरांनी पोरगी दोन्ही हातांवर उचलली आणि खिडकीतून त्या बाईच्या हातात दिली. बाईनं तिचा एक मोठ्ठा मुका घेतला, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि तिला मांडीवर उभी केली. पोरीनं मेथीची एक काडी उचलून थेट तोंडात घातली. मोटार सुटली. सरांचे दोन्ही हात तसेच वर, खिडकी होती तिथं.

“सर, गेली मोटार. हात खाली घ्या,” मी म्हटलं.

“थांबा हो मास्तर,” सर म्हणाले, “पोरगी अजून पाहून राहिली.”