पुरस्कार तिचा, आवाज माझा

मंडळी, इथे मस्कतमध्ये, घुब्रा भागातल्या घरी आले, पर्स सोफ्यावर फेकली आणि थेट कॉम्प्युटरसमोर बसले. 

मस्कतला येण्याआधी मी चेन्नईत सिनेमांचं डबिंग करायचे. बाबांची नोकरी तिथली, त्यामुळे तमीळ लहानपणापासून येतं. एका हिरोईनला मात्र तमीळचा गंध नव्हता. कॅमेऱ्यासमोर ती संवादाऐवजी चक्क "एक, दो, तीन, चार" मोजायची. त्या हलत्या ओठांवर मी शब्द बसवले. कोर्टाच्या सीनमध्ये तिच्यासाठी रडले, किंचाळले. पुरस्कार तिला मिळाला. वर आवाजही स्वतःचाच असल्याचं ती सांगत सुटली आणि तिने पडद्यावरच्या श्रेयनामावलीतून माझं नाव काढायला लावलं.

आज दुपारी तीच बाई इथल्या भारतीयांच्या कार्यक्रमाला पाहुणी! निवेदन माझ्याकडे. तिने मला ओळखलंसुद्धा नाही.

मी गोड हसून माइक तिच्या हातात दिला. "मॅडम, कोर्टातला तो फेमस डायलॉग हो जाए!"

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. ती पुटपुटली, "आज गला खराब है."

"मेरा ठीक है," म्हणत मी माइक घेतला आणि तो तमीळ संवाद तसाच्या तसा म्हटला.  पहिल्या रांगेतल्या तमीळ मामी ताडकन उठल्या, "अय्यो, वो आवाज तो इसकी है!"

विंगेत तिने माझा दंड धरला. "क्यों किया ऐसा?"

मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. एक, दो, तीन, चार.

खरं सांगा, चुकलं का माझं?