दोन स्वर्गरथांचं गाव

प्रिय नेहा आणि रोहन,

बारामती सोडली तेव्हा एमआयडीसीकडे मोटारसायकलींची रीघ लागली होती. पुढे इंदापूरपर्यंत दोन्ही अंगांना ऊस, मग उजनीचं निश्चल पाणी. नेहा, तू जिथे मदत वाटतेस तिथलं यादवी युद्ध थांबत का नाही, असं तू फोनवर विचारलं होतंस. वाटभर तेच डोक्यात होतं.

मी कमलकडे निघाले होते. पूर्वी पुण्यात ती आमची शेजारीण होती. तिचे यजमान, नाना, अंथरुणाला खिळले होते. पोचले तर ते पहाटेच गेले होते.

गाव रस्त्याने दुभागलेलं. बांधावरून नाना आणि थोरले भाऊ तात्या भांडले आणि भावकी (एका कुळातली घरं) त्यांच्यामागे वाटली गेली. “टँकर एकच यायचा तवा रांगेत निदान शिव्या तरी व्हायच्या,” कमल सांगायची. मग देणगीदार आले. कुणी दुखावू नये म्हणून त्यांनी सगळं दोन-दोन दिलं: टाक्या, बालवाड्या, शेवटी स्वर्गरथसुद्धा (प्रेत नेणारी गाडी). तेव्हापासून शिव्याही थांबल्या.

त्या दोन पांढऱ्या गाड्या रस्त्याच्या दोन कडांना समोरासमोर उभ्या होत्या. रडणं फक्त अलीकडे. पलीकडची माणसं आपापल्या दारांत, आमच्याकडे तोंड करून, पुतळ्यांसारखी. कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नव्हतं. शेजारणीने दिलेला कोरा चहा माझ्या हातातच निवला.

अलीकडच्या गाडीच्या चालकाने इंजिन सुरू केलं. कमल बाहेर आली.

“बंद कर ती. माझा मानूस खांद्यावरनं जाईल.”

“काकी, पोरं समदी कंपनीत पाळीला गेल्यात. खांदं तीनच हायत.”

“ठावं हाय मला.”

इकडची रीत अशी, की मयताला खांदा दिला की वैर तिथेच संपतं. गाडी आल्यापासून खांदाच लागत नव्हता.

तिरडी उन्हात तशीच राहिली. कुणी हलेना. मग थोरल्या दिरासमोर कधी मान वर न केलेली कमल, पदर सावरत, रस्त्याच्या कडेला गेली.

“तात्या, तुमचा भाऊ जड हाय. तिघांना उचलंना.”

तात्या दारातून उतरून पलीकडच्या कडेपर्यंत आले.

“ल्हानपनी बी मलाच उचलाय लागायचा,” तात्या म्हणाले. चपला काढून ते रस्ता ओलांडून आले आणि चौथ्या कोपऱ्याशी वाकले. त्यांच्यामागे ती दारांतली माणसंही निघाली.

परतताना पाहिलं, तात्यांच्या चपला रस्त्याकडेला तशाच होत्या. समोर रिकाम्या स्वर्गरथाचं मागचं दार वाऱ्याने आपटत होतं.

नेहा, मदत थांबवू नकोस. तहानलेल्याला पाणी द्यावंच. पण देण्याआधी बघत जा, त्यांचा चौथा खांदा कुठून यायचा होता.

तुमची आजी