काटा अडला तेव्हा

भव्याचं वजन उतरायचं थांबलं, त्याच आठवड्यात तिच्या भावाच्या पोटातलं पाणी दुसऱ्यांदा काढावं लागलं.

भाऊ म्हणजे गिरीराजअण्णा. चामराजपेटेत त्याची छोटी प्रेस होती. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवडणुका आल्या की पत्रकं. आयुष्यात दारूला शिवला नाही, तरी पन्नाशीच्या आत त्याचं लिव्हर निकामी झालं. नुसत्या चरबीनंही असं होतं, हे डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पण भेटायला आलेले नातेवाईक जाताना अक्षरावैनीला बाजूला घेऊन विचारायचेच, "रोज घ्यायचा काय?" वैनी आधी समजावून सांगायची. पुढं पुढं ती दारच अर्धं उघडायला लागली.

लिव्हर बदलण्यावाचून उपाय नव्हता; घरातल्या कुणाच्या लिव्हरचा तुकडा चालणार होता. वैनीचा रक्तगट जुळला नाही. भव्याचा जुळला. ती अण्णापेक्षा अकरा वर्षांनी लहान, बसवनगुडीच्या एका शाळेत हिंदी शिकवणारी. आई गेल्यावर तिच्या शाळेच्या रिबिनी बांधण्यापासून तिच्या लग्नापर्यंत सगळं अण्णानंच पाहिलेलं. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच ती "माझं घ्या" म्हणून मोकळी झाली होती. नवरा रणवीर बँकेत होता. तो तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मी रजेचा अर्ज टाकतो."

पण तपासणीत निघालं ते वेगळंच.

"तुमच्याही लिव्हरवर चरबी आहे," डॉक्टर नरसिंहराव म्हणाले. "असा तुकडा काढला तर तुम्हालाही धोका आणि त्यांनाही. आठ-दहा किलो उतरवा. मग पुन्हा स्कॅन करू."

"किती वेळ आहे आपल्याकडं?"

डॉक्टरांनी अण्णाचे रिपोर्ट पुन्हा चाळले. "जमेल तेवढं लवकर," ते म्हणाले.

तो 'लवकर' भव्याच्या डोक्यात जाऊन बसला.

सुरुवात झकास झाली. भात, साखर, संध्याकाळचे बेकरीचे पफ सगळं बंद. पहाटे कृष्णराव पार्कात चालणं. शहाऐंशी किलोवरून ती ऐंशीवर आली. चुडीदार सैल झाले. स्टाफरूममधल्या बायका विचारू लागल्या, "काय करतेस गं?" ती हसून विषय बदलायची. शाळेत तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

मग काटा ऐंशीवर येऊन बसला तो हलेचना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. खाणं तेच, चालणं तेच. ती सकाळी उठल्या उठल्या वजन करायची, अंघोळीनंतर करायची, शाळेतून आल्यावर चप्पल काढायच्या आधी बांगड्या काढून करायची. एकदा रणवीरनं तिला वजनकाटा हॉलमधून स्वयंपाकघरात नेताना पाहिलं. तिथली फरशी जास्त सपाट आहे, असं तिचं म्हणणं होतं.

हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ विद्या यांना तिनं फोन केला. त्या म्हणाल्या, "असं होतंच. वजन उतरलं की शरीराचा खर्चही कमी होतो, ते नव्या खाण्याची सवय करून घेतं. घाबरू नका आणि खाणं आणखी तोडू नका. व्यायाम बदलून बघू."

भव्यानं यातलं एकच ऐकलं, शरीराला सवय झालीय. मग ती मोडायची. त्या दिवसापासून तिनं जेवणच सोडलं. दिवसभरात दोन पेले ताक आणि बिनसाखरेची कॉफी. रणवीरनं भरून दिलेला डबा ती शाळेमागच्या गाईपुढं रिकामा करायची आणि घरी येऊन तो घासून ठेवायची. फळ्यावर लिहिताना ती मधेच खुर्चीत बसायची. काटा थोडा खाली आला आणि तिला वाटलं, जमतंय. चार दिवसांनी तो पुन्हा ऐंशीवर होता.

कार्तिकातला शेवटचा सोमवार. बसवनगुडीत कडलेकाईची परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा. बुल टेंपल रोडवर दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग आणि मधून नुसती माणसं. अण्णाचं घर त्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत. संध्याकाळी वैनीचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"भव्या, हे काहीतरीच बोलतायत गं. मला ओळखेनात."

हनुमंतनगरच्या आपल्या घरून ती जवळजवळ पळतच गेली. अण्णा पलंगावर बसून शर्टाची बटणं लावायचा प्रयत्न करत होता, पण अंगातला शर्ट उलटा होता. "प्रेसचं मशीन बंद केलं काय?" त्यानं तिला विचारलं. तिनं हो म्हटलं. त्यानं परत तेच विचारलं. डोळे हळदीसारखे पिवळे. लिव्हरनं काम सोडलं की विष मेंदूत चढतं, माणूस बरळायला लागला की एक क्षण थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं.

ॲम्ब्युलन्स आत येईना. पोलिसांनी रस्ता बंद केला होता. गाडी अडथळ्यांपलीकडं उभी राहणार, तिथपर्यंत चालत जायचं. एका बाजूनं वैनी, दुसऱ्या बाजूनं भव्या, मधे अण्णा. पिपाण्या वाजत होत्या, पोरं खांद्यावर बसली होती, कुणी बाजूला व्हायला तयार नव्हतं. "स्वल्प जागा द्या," असं भव्या कन्नड-मराठी कशातही ओरडत होती. अण्णाचं सगळं ओझं तिच्या खांद्यावर आलं. अर्ध्या वाटेत तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ती अण्णासकट शेंगांच्या ढिगावर कोसळली.

"अय्यो, अक्का!" शेंगवाला धावला. वैनी मटकन खाली बसून किंचाळत होती, "आधी ह्यांना घ्या, ह्यांना!" त्या माणसानं शेजारच्या तिघांना हाक मारली, एक रिकामं पोतं फाडून पसरलं, अण्णाला त्यावर घातलं आणि चौघांनी चार टोकं धरून ते उचललं. भव्याला कुणीतरी दंडाला धरून मागून चालवत आणलं. तिच्या केसांत टरफलं होती. वाटेत तिला एकच भीती वाटत होती, की पोतं फाटेल.

अण्णाला आयसीयूत घेतलं. भव्याची साखर इतकी खाली गेली होती की तिलाही सलाईन लावावं लागलं. रात्रीच्या फेरीला निघालेले नरसिंहराव तिच्या खाटेशी येऊन थांबले.

"शेवटचं कधी जेवलात?"

तिनं खरं ते सांगितलं. रणवीर भिंतीला टेकून ऐकत होता. त्यानं मान वळवली.

"असं उपाशी राहून आलात तर मी तुम्हाला ऑपरेशन थिएटरच्या दारातून परत पाठवीन," डॉक्टर म्हणाले. "उपासमारीनं लिव्हर सुधारत नाही, आणखी बिघडतं. एका घरातले दोन पेशंट मला नकोत."

"मग करू काय मी?" भव्या उठून बसली. "सगळं सोडलं. तो काटा हलतच नाही! तिकडं तो मरतोय आणि मी इथं ऐंशीवर बसलेय!"

वॉर्डातले लोक वळून बघू लागले. डॉक्टरांनी सलाईनचा वेग तपासला. ते म्हणाले, "उद्या विद्या येतील. त्या सांगतील ते ऐका," आणि गेले.

दोन दिवसांनी अण्णा शुद्धीवर आला. पोत्याची गोष्ट त्याला वैनीनं सांगितली, उपाशीपणाची रणवीरनं. भव्या भेटायला गेली तेव्हा तो खिडकीकडं तोंड करून बसला होता.

"तुझं लिव्हर मला नको."

"अण्णा..."

"मी सही करणार नाही. तुला काही झालं तर मी जगून काय करू?"

भव्याला त्याची दया येत होती, पण तोंडून राग निघाला. "म्हणजे तू मरायचं ठरवलंस आणि मला जेव म्हणतोस? वैनीला काय सांगू? तुझ्या पोराला काय सांगू? आत्यानं जेवण सोडलं म्हणून बाबांनी जीव सोडला?"

वैनी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. अण्णानं खिडकीकडचं तोंड वळवून तिच्याकडं पाहिलं. मग अण्णा म्हणाला, "घरी सोडल्यावर रोज सकाळी माझ्याकडं यायचं. माझ्यासमोर बसून खायचं. एक दिवस चुकलीस तर माझी सही नाही."

"सरी, येते," भव्या म्हणाली.

डिसेंबर तसाच सुरू झाला. विद्यांनी तिचं खाणं वाढवलं. अंडी, मोड आलेली कडधान्यं, रात्री एक भाकरी. चालण्याच्या जोडीला जिने चढणं आणि पाण्याचे कॅन उचलणं लावून दिलं. वजनकाटा मात्र घरातून जायला हवा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वजन करायचं ते आठवड्यातून एकदा, त्यांच्यासमोर. रणवीरनं काटा त्याच दिवशी बँकेतल्या शिपायाला देऊन टाकला.

सकाळी अण्णाच्या घरी दोघं समोरासमोर बसायची. त्याच्या ताटात बिनमिठाचं, तिच्या ताटात मोजून दिलेलं. अण्णाचा घास ओठापर्यंत जाईतो सांडायचा. तो दिवसेंदिवस वाळत होता आणि पोट तेवढं फुगत होतं. भव्या खाली मान घालून खायची. ते खाणं तिला गिळवत नसे. एवढं खाल्ल्यावर वजन कसं उतरणार, ही भीती प्रत्येक घासाला होती.

पहिल्या आठवड्यात विद्यांच्या काट्यावर एक किलो कमी भरलं. पुढच्या आठवड्यात परत ऐंशी. विद्या म्हणाल्या, "पाणी असेल, स्नायू असतील. चालू ठेवा." भव्यानं मान डोलावली, बाहेर पडली आणि हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडली. त्या क्षणी तिला खरंच सोडून द्यावंसं वाटलं. हे आपल्याच्यानं होत नाही, दुसरा कुणी शोधा, असं सांगून टाकावं. सांगायचं तर कुणाला, आणि दुसरा होता कोण?

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली. उत्साह नव्हता, आशाही फारशी नव्हती. अण्णा सात वाजता दाराकडं बघत बसणार, एवढंच तिला ठाऊक होतं. आठ-दहा किलोंचा विचार तिनं त्या दिवसापासून सोडला. उद्याच्या नाश्त्यापर्यंत पोचायचं, एवढाच धरला. काही दिवस तेही जड गेलं. संक्रांतीला शाळेत एळ्ळु-बेल्लाच्या पुड्या वाटल्या, तेव्हा त्या तिळगुळाचा वास तिला सोसेना आणि ती वर्ग सोडून गच्चीवर जाऊन उभी राहिली. तास संपल्याची घंटा झाल्यावर खाली आली.

त्याच आठवड्यात अण्णाला रक्ताची उलटी झाली.

नरसिंहरावांनी भव्याला फोन केला. "आता थांबता येणार नाही. आहात तशा या. आजच स्कॅन करू. नाही जमलं तर दुसरा मार्ग शोधायला मला दोन दिवस तरी मिळतील."

वजन भरलं एकोणऐंशी. मागितलेल्यापेक्षा अजूनही जास्तच. स्कॅन झाल्यावर ती आणि रणवीर बाकावर बसली. रणवीर तिचा हात धरायला गेला, तिनं काढून घेतला. मशीनच्या खोलीतून टेक्निशियन बाहेर आला आणि त्यांच्याकडं न बघता निघून गेला. तो बघत का नाही, याचे अर्थ भव्या लावत बसली.

आत बोलावलं तेव्हा डॉक्टर स्क्रीनकडंच बघत होते.

"वजन हवं तेवढं उतरलं नाही," ते म्हणाले.

भव्यानं डोळे मिटले.

"पण लिव्हरवरची चरबी उतरलीय. पुष्कळ उतरलीय. मला हवं होतं ते हेच." त्यांनी खुर्ची वळवली. "काटा हलला नाही, तरी आत काम चालू होतं, अम्मा. परवा घेऊ."

रणवीरच मोठ्यानं रडला. भव्याला आधी काही कळलंच नाही. तिनं विचारलं, "मग आता मी जेवायचं काय?" आणि दारात उभ्या असलेल्या विद्या हसल्या.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते रात्री संपलं. भव्या दुसऱ्या दिवशी शुद्धीत आली. अण्णाला मात्र ताप चढला. पाच-सहा दिवस डॉक्टर वैनीला 'बघू' एवढंच सांगत होते. भव्याला पोटाला टाके असताना व्हीलचेअरवरून त्याच्या खोलीच्या काचेपर्यंत नेलं, तेव्हा तो झोपलेला होता. डोळे मिटलेले असल्यानं पिवळेपणा उतरला की नाही तेही तिला कळेना. मग एके दिवशी ताप उतरला, आणि त्यानं नर्सकडं आंबट काहीतरी खायला मागितलं.

आता तो अर्धा दिवस प्रेसमध्ये बसतो. तोंडाला मास्क लावून कामगारांवर ओरडतो. औषधं जन्मभराची. भव्याचं लिव्हर हळूहळू पुन्हा भरत आलंय, असं डॉक्टर सांगतात. ती काही बारीक झालेली नाही. चालायला अजून जाते, कधी कंटाळून घरी बसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा ती कामावर रुजू झाली. एव्हाना शाळेत सगळ्यांना कळलं होतं. आठवीच्या वर्गात पहिल्याच तासाला एका मुलीनं हात वर केला.

"मिस, ऑपरेशन दुखलं काय?"

"दुखलं," भव्या म्हणाली आणि तिनं पहिला धडा उघडायला सांगितला.