न्हाणीतला एन्लार्जर

आमच्या घरात गेली दोन वर्षं एकच विषय निघायचा आणि तो निघाला की मी उठून बाहेर जायचो. विषय माझ्या डार्करूमचा. श्रीवर्धनात मी पस्तीसेक वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. रोल धुणं, फोटो छापणं सगळं घरीच, मागच्या पडवीला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत. फिल्मचा जमाना गेला, स्टुडिओ बंद झाला, तरी निगेटिव्हवरून मोठे फोटो काढायचा एन्लार्जर, तीन ट्रे, लाल बल्ब, सगळं जिथल्या तिथं होतं. दर रविवारी मी जाऊन धूळ पुसायचो. देवसुद्धा एवढ्या मनापासून पुसले नसतील.

बायकोचे गुडघे मात्र थांबायला तयार नव्हते. आमचं न्हाणं परसात, विहिरीपलीकडे सहा पायऱ्या उतरून. मुलगी पनवेलहून आली की सुरू व्हायची, "बाबा, घरात नळ आणि मोरी असलेली एकच खोली आहे आणि तिचं तुम्ही म्युझियम केलंय. आईला तिथं आंघोळ करू द्या ना!" मी म्हणायचो, बघू. कोकणात एक 'बघू' माणसाला जन्मभर पुरतं.

हे सामान फुकट द्यायचं तरी कोणाला? माणगावच्या एका फोटोवाल्याला फोन केला. तो हसला. "काका, ठेवू कुठं? माझं दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर नि एक खुर्ची." मी रागाने फोन आपटला. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. कोणी नेत नाही, म्हणजे काढायचंही नाही.

श्रावणात पायऱ्यांवर शेवाळ धरतं. एका सकाळी बायको बादलीसकट घसरली. हाड मोडलं नाही, मनगट सुजलं, तेवढ्यावर निभावलं. मी धावत गेलो तर पायरीवर बसूनच म्हणाली, "काय न्हाय झालं, घाबरू नका." मला माझीच लाज वाटली. त्याच दुपारी खोली रिकामी करायला घेतली.

ट्रे तिनं मिरचीच्या रोपांसाठी मागून घेतले. खिडकीवर काळा रंग दिलेली फळी मी ठोकली होती, ती उपटली. उजेड आत आला आणि भिंतीतला कोनाडा नीट दिसला. त्यात मी फोटो पक्का करायच्या हायपोची बाटली ठेवायचो. बायको दारात उभी होती, मनगट फडक्यात बांधलेलं.

"इथं माझी शिकेकाईची वाटी असायची," ती म्हणाली.

मग मला आठवलं. फोटो धुवायला पाणी हवं, मोरी हवी, उजेड नको. म्हणून आमच्याकडे फोटोवाल्यांची डार्करूम बहुधा न्हाणीतच निघायची. माझीही तशीच निघाली. तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. परसात माडाच्या झापांचा आडोसा उभा केला आणि धंद्याचा जम बसेपर्यंत तिथं भागव, असं तिला सांगितलं. पुढे झापांच्या जागी पत्रे आले, एवढीच काय ती प्रगती. आणि आपल्याच त्या न्हाणीत उभं राहून तिनं थंडीतही माझे फोटो धुतले, बोटं चिरेपर्यंत. हे सगळं मी विसरलो होतो. खोली माझीच आहे असं मला खरोखर वाटत होतं.

"चार महिने म्हणालेलात," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी भांडलो तरी असतो.

चार वाजता मी एन्लार्जरपाशी डोकं धरून बसलो होतो. पडवीत ठेवला तर ओलीनं तो गंजून जाणार, हे नक्की. तिनं ते ओळखलं. माजघराच्या खिडकीखाली तिची शिलाई मशीन असते. घरात चांगल्या उजेडाची तेवढी एकच जागा. दुपारचा चहाही ती तिथंच बसून पिते.

"माझी मशीन सरकवते की," ती म्हणाली. "तिथं ठेवा तुमचा. माझं काय, कुठंही चालतं."

न्हाणी घेतली तेव्हाही ती असंच म्हणाली असणार. आणि मी 'बरं' म्हटलं असणार.

"नाही," मी म्हटलं. "मशीन हलवायची नाही."

आणि रस्त्यावरून जाणाऱ्या भंगारवाल्याला मीच हाक मारली.