पालथा फोन

माझ्या आईला कमी ऐकू येतं. समोर बसून बोललं की सगळं कळतं, स्पीकर लावला की फोनवरही कळतं. फक्त फोन वाजतोय हे कळत नाही. ती संग्रामपूरला एकटी राहते, मी नोकरीनिमित्त बुलढाण्याला. आमचा सगळा संवाद तिच्या जुन्या फोनच्या कोपऱ्यातल्या मोहरीएवढ्या हिरव्या दिव्यावर चालायचा. मी फोन करायचो, तो वाजून वाजून थांबायचा आणि मग दिवा लुकलुकू लागायचा. भाजी निवडता निवडता आईचं लक्ष गेलं की तिचा उलट फोन. "जयभीम. काय म्हनतं रे?"

गेल्या वर्षी तो फोन बादलीत पडला. मी तिला दुकानात नेलं. दुकानदारानं मोठ्या उत्साहानं नवा फोन पुढे केला.

"मावशी, याले तीन कॅमेरे हायेत."

"अन् लाइट कुठी हाय?"

"कोनता लाइट?"

"कोनाचा फोन येऊन गेला तं लुकलुक करते, थो."

"थो आता येत नाही मावशी. कंपन्यायनं काढून टाकला."

"काऊन? काय खात होता थो?"

दुकानदारानं स्क्रीन किती मोठी आहे ते पुन्हा एकदा दाखवलं. आम्ही तो फोन घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. उलट फोन आला नाही. दुपारपर्यंत अकरा वेळा केला. शेजारच्या काकू लग्नाला गावाला गेलेल्या. साहेबांना सांगून मी निघालो, खामगावला बस बदलली, आणि खिडकीशी बसून माणसानं विचार करू नयेत असे सगळे विचार केले. पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दार उघडं होतं. आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शेजारी तो फोन, काळा, चकचकीत, गप्प.

"काऊन आला रे अचानक?"

"अकरा फोन केले तुला!"

तिनं फोनकडे पाहिलं. "हा तं काहीच बोलला नाही मले."

मला रागवायचं होतं. मी प्यायला पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान. दुकानदारानं बराच वेळ फोन चाळून उपाय काढला: फोन आला की मागचा कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकेल. फक्त तो दिसायला फोन पालथा ठेवायचा.

"म्हंजे टीव्हीएवढी स्क्रीन घ्याची, अन् पालथी घालून ठेवाची?"

"हाव मावशी," तो गंभीरपणे म्हणाला.

पुढच्या रविवारी विहारात वंदना चालू असताना मी, वेळेचं भान न ठेवता, फोन केला. आईच्या मांडीवर पालथा ठेवलेला फोन लखलखू लागला. पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळे मिटल्या मिटल्याच पदर सारखे केले. एका आजोबांनी मान ताठ केली. आई फ्लॅशवर तळहात ठेवून बसली, तर बोटांमधून उजेड झिरपत राहिला. वंदना संपल्यावर आजोबा जवळ आले. "माहा चेहरा आला का त्याच्यात?" फोटो काढलाच नाही हे आईनं परोपरीनं सांगितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. बाया अजून तो फोटो मागतात.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "आता तू मले फोन करू नको. मीच करत जाईन. रोज सकायी सात वाजता."

तेव्हापासून ती सातला फोन करते, स्वतःचं सगळं सांगते, मी जेवलो का विचारते आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत फोन ठेवते. दाढी करतानासुद्धा मी फोन समोर ठेवतो आणि दर मिनिटाला ओल्या बोटानं उघडून पाहतो. एकदा वीस मिनिटं उशीर झाला, तर साबण तोंडावर तसाच वाळला.

"कुठं होतीस तू?" फोन येताच मी जवळजवळ ओरडलो.

"नळ आला होता," आई म्हणाली आणि मला भाजी कोणती केली ते विचारू लागली.