वेणूबाईची जागा

रोज सकाळी, घरातलं दुसरं कुणी उठायच्या आत, वेणूबाई गॅलरीत जायच्या आणि हिरव्या चहाच्या दोन पाती कापायच्या. गवती चहाला त्यांच्या वाडीत हिरवा चहाच म्हणत. पाती पदरानं पुसायच्या, दुमडून त्यांची एक घट्ट गाठ मारायची. गाठ मारली की पात भांड्यात पसरत नाही, गाळणीही लागत नाही. पाण्याला बारीक बुडबुडे आले की गाठ आत सोडायची, गॅस बंद करायचा, वर ताटली ठेवायची आणि ताटलीवर तळहात ठेवून उभं राहायचं. हाताला चटका बसायला लागला की चहा झाला.

लग्न होऊन आल्यावर पहिल्या आठवड्यात सुनेनं, प्रगतीनं, तो चहा खळखळून उकळला होता. तेव्हा वेणूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "उकळलास तर वास शेजाऱ्यांचा आणि पानी आपलं."

शहरात, कात्रपमधला त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. मुलगा हरेश अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होता, त्यामुळे गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादल्यांची कमी नव्हती. सात बादल्या, सातही हिरव्या चहाच्या. एका बादलीत गुलाब लावावा असं प्रगतीला फार वाटायचं, पण तिनं कधी विचारलं नाही. तो चहा घरापुरता नव्हता. तो जत्रेचा होता.

बारवी धरणाच्या बाजूला, वेणूबाईंच्या जुन्या वाडीच्या मागं जाखमाईचा डोंगर आहे. माघी पौर्णिमेला त्याच्या माथ्यावर जत्रा भरते. देवीचं दर्शन हे निमित्त, खरा बाजार. विळे-कोयते, घोंगड्या, टोपल्या, दोर, सुकी मासळी, बांगड्या. पाऊस यायच्या आधी घराला जे लागेल ते लोक तिथून न्यायचे. वेणूबाई लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून तिथं हिरव्या चहाच्या जुड्या घेऊन बसत होत्या. जुडी मुळासकट, ओल्या गोणपाटात. नेणाऱ्यानं थोडी पात कढत पाण्यात घालावी आणि बाकीचं परड्यात लावावं. एकदा नेलं की पुन्हा न्यायची गरज नाही, तरी लोक दर वर्षी न्यायचे. उंबराखाली एक सपाट कातळ होता. ती वेणूबाईंची जागा.

त्या जत्रेत जागेला दोरी नव्हती, पावती नव्हती. जागा माणसावर असे. जो बसतो त्याची. एखादी जत्रा चुकली तर शेजारची बाई आपलं गोणपाट थोडं पुढं सरकवून जागा धरून ठेवायची. दोन चुकल्या तरी धरायची. तिसरी चुकली की जागा सुटली.

वेणूबाईंच्या दोन चुकल्या होत्या. एक बाळाजींच्या, म्हणजे नवऱ्याच्या सुतकात, आणि एक हृदयाच्या दुखण्यानं इस्पितळात. दोन्ही वर्षं शेजारच्या सरूबाईनं, केरसुण्या विकणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीनं, जागा धरली. आता तिसरं वर्ष होतं.

"डॉक्टरांनी चढ चढू नको सांगितलंय," हरेश म्हणाला.

"हळू चढ म्हनलाय. नको नाय म्हनला."

"आई, काय ठेवलंय तिथं? एक दगड."

"दगडच हाय," वेणूबाई म्हणाल्या. "पन तो कुनाचा म्हनून इचार वाडीत. लहान पोर सांगंल."

शेवटी जीपनं अर्ध्या वाटेपर्यंत आणि पुढं बसत बसत, असं ठरलं.

त्या वर्षी जत्रेची नवी समिती आली होती. गर्दी फार होते, स्टॉल नीट लागले पाहिजेत, म्हणून मोबाइलवर फॉर्म निघाला. वाडीतून कुणीतरी तो हरेशला पाठवला, हरेशनं प्रगतीला. प्रगती उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये वाढलेली, स्टेशनजवळच्या साडीच्या दुकानात काम करणारी. फॉर्म भरणं तिला हातचा मळ. सकाळची घाई होती, एका बाजूला दूध, एका बाजूला डबा. 'मालाचा प्रकार' अशी एक ओळ होती.

"आई, काय लिहू?"

"लिही की. हिरवा चहा."

खाली पर्याय होते: भांडी, कपडे, खेळणी, चहा-नाश्ता, लोखंडी सामान, इतर. प्रगतीनं चहा-नाश्त्यावर बोट ठेवलं. आणि पुढच्या रिकाम्या चौकोनात तिनं लिहिलं, ग्रीन टी. घाईत लिहिलं असं ती नंतर म्हणाली असती तर ते खोटं ठरलं असतं. तिनं ते थोडं थांबून, आवडीनं लिहिलं होतं. ग्रीन टी लिहिलं की सासूबाईंचं गोणपाट एकदम काचेच्या दुकानात मांडल्यासारखं दिसत होतं.

पौर्णिमेच्या सकाळी डोंगराच्या पायथ्याशी कमान होती, कमानीखाली टेबल, टेबलामागे छातीला बिल्ला लावलेला नरेंद्र नावाचा माणूस. त्यानं यादीवरून पेन खाली आणलं.

"वेणूबाई बाळाजी. स्टॉल अकरा. इथंच खाली, पार्किंगच्या बाजूला. सिलिंडर आणलाय ना?"

"कसला सिलिंडर?"

"गॅसचा. चहा कशावर करणार?"

"मी चहा करत नाय. चहा इकते."

"मावशी, केल्याशिवाय विकणार कसा?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. वेणूबाईंनी गोणपाटाचं तोंड उघडून दाखवलं. नरेंद्रनं वाकून पाहिलं.

"हे तर गवत आहे."

"तुझ्या आज्यानं नेलेलं हाय माझ्याकडनं हे गवत. माझी जागा वर हाय. उंबराखाली."

"वर चहाचे स्टॉल नाहीत मावशी. शेगडी-बिगडी, आग लागली तर? उंबराखाली पन्नास नंबर आहे, प्लॅस्टिकवाला. पैसे भरलेत त्यानं. मी काय करू? यादीत आहे ते आहे."

प्रगतीला यादी उलटी दिसत होती. अकरा नंबरसमोर तिचेच दोन शब्द होते. ती बोलणार होती. एवढ्यात हरेश म्हणाला, "बस ना आई इथंच. चढायला नको, उतरायला नको. काय फरक पडतो?" त्याच्या आवाजात इतका उघड सुटकेचा श्वास होता, की प्रगतीनं तोंड मिटलं. खाली बसल्या तर बरंच आहे, असं तिनंही स्वतःला सांगितलं.

वेणूबाईंनी डोंगराकडं एकदा पाहिलं आणि अकरा नंबरच्या पत्र्याखाली गोणपाट अंथरलं.

डाव्या बाजूला वडापाव होता, उजव्या बाजूला उसाचा रस. दिवसभर लोक येत राहिले.

"मावशी, दोन कटिंग."

"कटिंग नाय."

"मग स्पेशल द्या."

सुरुवातीला वेणूबाई प्रत्येकाला समजावत होत्या, जुडी उचलून दाखवत होत्या, पात चुरगाळून नाकाशी धरत होत्या. उल्हासनगरहून आलेल्या एका बाईनं वास घेतला, "अरे, ये तो लेमनग्रास है, मॉल में मिलता है," म्हणाली आणि जुडी खाली ठेवून रसाच्या गाड्याकडे गेली. दुपारनंतर वेणूबाईंनी समजावणं सोडलं. कुणी कटिंग मागितलं की त्या नुसतं बोटानं पलीकडची टपरी दाखवायच्या.

ऊन कलल्यावर डोक्यावर रिकामी पाटी घेऊन सरूबाई उतरली. अकरा नंबरपुढून चार पावलं गेली, थांबली, आणि मागं वळून पाहून तिनं पाटीच टाकली.

"अगो बाय! वेणू? तू हायस?"

"नसायला काय झालं?"

सरूबाई मटकन खाली बसली. तिनं वेणूबाईंचा दंड चाचपला. मग रडू लागली, मग शिव्या देऊ लागली, मग सांगू लागली. सकाळी कातळावर प्लॅस्टिकवाला बादल्या मांडत होता. विचारलं तर म्हणाला, त्या बाईचं नाव वरच्या यादीत नाही. आता नाव नाही म्हणजे काय? त्या जत्रेत आजवर मेल्याशिवाय कुणाचं नाव गेलं नव्हतं. वरच्या लोकांनी दुसरा अर्थच काढला नाही. मग माणूस गेल्यावरच्या रीतीप्रमाणं कुणी बोहणी केली नाही. आधी प्रत्येकानं आपापल्या मालातलं चिमूटभर त्या कातळावर ठेवलं. सरूबाईनं केरसुणीच्या दोन काड्या, बांगडीवालीनं एक बांगडी, लोहारानं कोळसा, धोंडिबानं घोंगडीची दशी. वर पाणी सोडलं. प्लॅस्टिकवालाही बिचारा टोपी काढून उभा राहिला.

वेणूबाई ऐकत होत्या. मग त्यांना हसू फुटलं.

"कोन कोन रडलं?"

"धोंडिबा लय रडला."

"त्याला काय झालं रडायला? वीस वर्सं जुडी फुकट न्हेतोय मेला."

दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. प्रगतीही हसली. हसू ओसरल्यावर ती पटकन म्हणाली, "चला आई. जीप आहे अजून. वर जाऊन सगळ्यांना दाखवू. मी बोलते त्या प्लॅस्टिकवाल्याशी."

वेणूबाईंनी सरूबाईकडं पाहिलं. सरूबाईनं मान खाली घातली.

"ठेवलेलं उचलता येत नाय, पोरी," वेणूबाई म्हणाल्या. "पानी सोडलं ना. ती जागा आता सुटली. मी जाऊन बसले तरी ती माझी नाय."

"पण तुम्ही जिवंत आहात!"

"ते त्यांना कुटं म्हाईत होतं."

थोड्या वेळानं त्यांनी गोणपाटातली एक जुडी उचलली, पाती नीट केल्या आणि सरूबाईपुढं धरली. "समद्यांनी समदं ठेवलं. चहा कुनी ठेवला नसंल. ही ठेव जा."

"जित्या मानसाच्या हातचं मी न्हेनार नाय."

"मग घरी लाव," वेणूबाई म्हणाल्या, आणि सगळं गोणपाटच तिच्या पाटीत ठेवलं.

परतताना रिक्षात हरेश पुढं बसला होता. डांबरी रस्त्याला लागेपर्यंत प्रगतीनं दम धरला. मग ती हळूच म्हणाली, "आई, ते माझ्यामुळं झालं. फॉर्ममध्ये मी चुकीचं लिहिलं."

"काय लिव्हलंस?"

"ग्रीन टी."

"म्हंजे काय?"

"म्हणजे... हिरवा चहा."

"मग बराबरच तर लिव्हलंस," वेणूबाई म्हणाल्या, आणि बाहेर बघत राहिल्या.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं प्रगतीला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं.

जत्रेनंतर पंधरा दिवसांनी वांगणीचा शिवराम, वेणूबाईंच्या नात्यातला एक भाऊ, पडलेल्या चेहऱ्यानं चार जिने चढून आला. दार वेणूबाईंनीच उघडलं. तो दारातच घामाघूम झाला.

"काय रे, कोन गेलं?"

"तूच," शिवराम म्हणाला.

त्याला चहा दिला, जेवायला घातलं. जाताना तो पाया पडला आणि पाया पडताना उगाच जास्त वेळ वाकून राहिला. त्या दिवशी हरेश चिडून म्हणाला, "पुढच्या वर्षी मी स्वतः समितीत जाऊन बसतो. कातळच लिहून घेतो तुझ्या नावावर." वेणूबाई नुसत्या नको म्हणाल्या. वाडीतून फोन आला की आता त्या तो प्रगतीकडं द्यायच्या. "तू बोल. मी बोलले तर दचकत्यात."

एक मात्र झालं. सात बादल्यांतली एक त्यांनी रिकामी केली आणि प्रगतीला म्हणाल्या, "यात तुला काय लावायचं ते लाव." प्रगतीनं गुलाब आणला नाही. बादली तशीच मातीनं भरलेली राहिली.

चैत्रात, एका मंगळवारी दुपारी, वेणूबाई झोपेत गेल्या. शेजारणीनं दार वाजवलं, ते उघडलं नाही, तेव्हा कळलं.

हरेशनं वाडीत कळवलं. सरूबाई आली, धोंडिबा आला. बाकी डोंगराकडचं फारसं कुणी आलं नाही. कुणाला राग नव्हता, की अंतर पडलं होतं असंही नाही. त्यांनी फोनवर विचारलं, "कोन वेणू? चहावाली? ती तर मागंच गेली ना, जत्रेत?" हरेशनं दोघा-तिघांना समजावून सांगितलं. चौथ्या फोनला तो नुसता "हो" म्हणाला.

त्या मंगळवारी सकाळी प्रगती कामावर निघाली होती. चप्पल घालता घालता तिनं नेहमीसारखं विचारलं, "येताना काही आणायचं का?" वेणूबाई कट्ट्याशी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मिरच्या आन. पन त्या कोपऱ्यावरच्या बाईकडनंच आन. तिला उठवलंय तिथनं, आता शाळेच्या मागं बसते. नाय दिसली तर इचार कुनाला, पन तिच्याकडनंच आन."