वल्ही घरी, होडी दुकानात

आमच्या किनाऱ्यावर होडी वर ओढली की वल्ही खांद्यावर टाकून घरी आणायची रीत होती. वल्ही नाहीत तर होडी नेणार कोण? बाबांनी फोन दुरुस्तीला देतानाही हाच हिशेब केला. सीमकार्ड काढलं, तंबाखूच्या चंचीत ठेवलं आणि निर्धास्त झाले.

दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. खाऱ्या पाण्याने फोनची वाचा बसली होती, आणि त्याच फोनात आमच्या घराचं सगळ्यात मोठं गुपित होतं. समुद्रात पाण्याखालच्या एका खडपावर गरीला हमखास मोठा मासा लागायचा. पाण्यात काही पाटी लावलेली नसते. किनाऱ्यावरच्या खुणा एकमेकींच्या रेषेत आल्या की जागा सापडते, आणि त्या खुणा कोणी परक्याला सांगत नाही. मी एकुलती एक, त्यात मुलगी. मला होडीवर कोण नेणार? तरी जागा घराबाहेर जाऊ नये म्हणून बाबांनी त्या खुणा माझ्यासाठी फोनात बोलून ठेवल्या होत्या.

"बाबा, बोललेला फोनात ऱ्हवता, सिमात नाय," मी बाजाराच्या वाटेवर म्हटलं.

"वल्ही माझ्याकडे आसत गो," चंचीवर थाप मारून ते म्हणाले. पुढे बोलून उपयोग नव्हता. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचं ऐकणारे ते नव्हतेच.

मालवणच्या त्या दुकानात आमच्याच किनाऱ्यावरचे दोघे मच्छीमार आधीपासून बसले होते. दुकानदाराने फोन खोलला, ब्रशने मीठ झाडलं, परत बसवला आणि आवाज येतो का बघायला हाताला लागलं ते वाजवलं.

"तुझ्या आयशीचो माड देवळाच्या कळसार इलो, आणि तू जंय पडललंस तो खडक बुरजाआड गेलो काय नांगर सोड."

बाबांचाच आवाज, खणखणीत. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"आयकलंय रे," दोघांतला एक म्हणाला. "पण आयशीचो माड खंयचो? किनाऱ्यार माडच माड आसत!"

सगळं दुकान हसलं. बाबा सगळ्यात शेवटी हसले, पण मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तरी पुढे कितीतरी दिवस ते धास्तावलेलेच होते. खडपावर पोचले की आधी दुसरी होडी दिसते का ते बघायचे. कुणी आलं नाही. आईने लग्नानंतर पहिल्या वर्षी लावलेला माड कुठला, आणि लहानपणी मी हनुवटी फोडून घेतली तो खडक कुठला, हे आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक असणार?

आता आई-बाबा दोघंही नाहीत. माड एका वादळात मोडला, त्यामुळे ती जागा मलाही सापडायची नाही. आवाज तेवढा मी एका फोनातून दुसऱ्या फोनात उतरवत आणला आहे. फोन दुरुस्तीला द्यायच्या आधी मी फोटो, निरोप, बँकेचं सगळं पुसून टाकते. तो एक ठेवते.

परवा दुकानातल्या माणसाने विचारलं, "गुपित असा काय आसा काय हेच्यात?"

"आसा," मी म्हटलं. "वाजवून बघ."